उत्तर नसलेला नकाशा

साओ जॉर्ज बेटावर मी बदली नर्स म्हणून आले
तेव्हा फोनवरच्या नकाशात कड्याखालची वस्ती
म्हणजे नुसता एक हिरवा डाग.
रस्ता नाही, घर नाही.
पेशंट मात्र होता: बेल्मिरू, वय एक्काहत्तर,
डाव्या पायाला न भरणारी जखम.

"देओलिंदाला विचारा," चीजच्या कारखान्यातला पोरगा म्हणाला.
मग जरा थांबून,
"बहीण आहे त्याची. पण विचारा."

तिनं हात पुसले. गुरांच्या खाद्याचं बिल उलटं केलं,
पेन्सिलीला चाकूनं टोक काढलं
आणि सुरुवात केली
आपल्या दारापासून नव्हे, माझ्या पायांपासून.
दोन ठिपके. "ही तू."

मग एक सरळ रेघ, जरी वाट तशी नव्हतीच.
"वळणं कशाला काढू? वाट एकटी असते
तेव्हा पायांना कळतं.
कागद लागतो तो फाट्यावर."

म्हणून तीन फाटे. तीनच.
गाई काढल्या नाहीत, त्या चालतात.
हायड्रेंजियाचं कुंपण नाही,
जे सगळीकडे आहे त्याची खूण कसली?
निळं फाटक काढलं आणि खोडलं:
"रंगवलंही असेल कुणी."
त्याच्या जागी लिहिलं, 'किरकिरतं.'
धुक्यात म्हणे तेवढंच उपयोगी.

पहिला तासभराचा उतार तिनं
बोटाच्या पेराएवढा काढला
आणि शेवटची चाळीस पावलं वीतभर.
अंजिराचं झाड, त्याची खाली आलेली फांदी,
पायऱ्या अकरा, त्यातली सातवी डुगडुगती,
विहिरीचं झाकण,
आणि दारापाशी बाण:
'ढकलू नकोस. उचलून लोट.'

"तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात?"
तिनं कागदावरची शिशाची भुकटी फुंकली.
"आई गेली तेव्हा. नऊ वर्षं."

"आणि यात उत्तर कुठंय?"
मी दिशेचं विचारत होते.
"उत्तर काय करायचंय तुला?
समुद्र आधी समोर येईल, मग त्याला डावीकडे ठेव.
उजवीकडून ऐकू आला तर मागं फिर."

फाटक किरकिरलं.
दुसऱ्या फाट्यावर मला चकवा लागला,
दरड कोसळून वाट सरकली होती, तिला ते ठाऊक नव्हतं.
मी कान देऊन उभी राहिले.
समुद्र उजवीकडे. फिरले.

दार उचलून लोटलं तेव्हा आतला म्हातारा
माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघत राहिला.
"हे कुणी सांगितलं?"
मी कागद दिला.
पट्टी सोडली, जखम धुतली, नवी बांधली,
तो वाचतच होता, ओठ हलवत,
पाच मिनिटांच्या मजकुराला अर्धा तास.

मग म्हणाला, "अंजीर पडलं. दोन वादळांपूर्वी."
खोडरबर नव्हतं. अंगठा थुंकीनं ओला करून
त्यानं झाड पुसलं, तिथं राखाडी ढग झाला.
ढगात एक बुंधा काढला.
सातव्या पायरीशी लिहिलं, 'बसवली.'
दरडीची वाट नव्यानं ओढली, ठळक,
दोनदा गिरवून.
आणि बुंध्यापाशी, बारीक अक्षरात,
'इथं टेकता येतं.'

मला टेकायची गरज नव्हती. मी तिशीतली.

वर आले तोवर दिवे लागले होते.
देओलिंदानं कागद दिव्याखाली धरला.
"अक्षर बघ. अजून कोंबडीचे पाय."
बाकी काही नाही. साखरेच्या बरणीखाली सरकवला
आणि मला गरम दूध दिलं.

पुढच्या गुरुवारी निघाले तेव्हा
नकाशा मागितला नाही, वाट आता पायांत होती.
बरणीखालून त्याचं एक टोक दिसत होतं,
ओलं होऊन वाळलेलं.

ती दुधाचे कॅन धूत होती, पाठमोरी.
"त्या बुंध्यापर्यंत किती वेळ लागतो तुला?"
"दीड तास."
पाणी वाहत राहिलं.
"आणि गुडघे जुने असले तर?"